आधी पत्रा पाहा, मग इंजिन

प्रश्न : वडिलांची 1975 ची प्रीमियर पद्मिनी आमच्या विलेपार्ल्याच्या सोसायटीत सहा वर्षं कव्हरखाली उभी आहे. गेल्या वर्षी बाबा गेले. मामांकडे 1987 ची मारुती 800 आहे, ती चालू स्थितीत आहे आणि ते ती मला द्यायला तयार आहेत. पार्किंगची जागा एकच आणि खर्चाची तयारी तीन लाखांपर्यंत. रविवारी आईला घेऊन शिवाजी पार्कला जावं, वर्षातून एक-दोनदा पुण्याला जावं, एवढीच इच्छा आहे. मित्र म्हणतात, मारुतीचं इंजिन नव्या काळातलं, तीच घे. कोणती ठेवू?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर :

तुमच्या मित्रांनी इंजिनापासून सुरुवात केली, हिशेब तिथेच चुकला. या दोन्ही गाड्यांचं इंजिन मुंबईत आजही बांधून मिळतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅसकेट हे सगळं शोधलं तर सापडतं आणि ते बसवणारे हातही अजून आहेत. अवघड काम पत्र्याचं असतं. दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसिस नाही. बॉडी हीच चॅसिस, म्हणजे पत्रा कुजला की गाडीचा कणाच जातो. म्हणून निर्णय घ्यायच्या आधी एक टॉर्च, एक जुना स्क्रू-ड्रायव्हर, एक लोहचुंबक आणि एक चांगला जॅक घेऊन अर्धा दिवस पद्मिनीखाली घालवा.

दोन्ही गाड्यांची जातकुळी आधी लक्षात घ्या, म्हणजे पुढचं नीट कळेल. पद्मिनीचा सांगाडा 1953 साली इटलीत आलेल्या फियाट 1100 चा. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. चार सिलिंडर, 1089 सीसी, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह, मागच्या चाकांना ताकद, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. तुमच्या मामांची मारुती ही 1986 साली आलेली दुसरी पिढी. तीन सिलिंडर, 796 सीसी, टायमिंग बेल्टवर फिरणारा ओव्हरहेड कॅम, पुढच्या चाकांना ताकद, मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), रॅक अँड पिनियन स्टिअरिंग. ताकद दोघींचीही चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. पण पद्मिनी नऊशे किलोच्या घरात आणि मारुती साडेसहाशेच्या. अंधेरीच्या पुलावर मारुती चटकन उचलते आणि पद्मिनीला वेळ लागतो, याचं कारण हे अडीचशे किलो. दोन्ही आराखड्यांत तीस वर्षांचं अंतर आहे. ते चालवताना हाताला आणि पायाला जाणवतं, गॅरेजमध्ये मात्र तितकंसं जाणवत नाही.

आता पत्रा. पायाखालचं रबरी मॅट आणि त्याखालचं नमदं पूर्ण उचला. पार्ल्याची हवा खारट. कव्हरखाली अडकलेला ओलावा सहा पावसाळे आत राहिलेला असणार. कव्हरने गाडी धुळीपासून वाचते, गंजापासून वाचत नाही, उलट हवा न लागल्याने गंज वाढतो. फ्लोअरवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. 'टण्' असा आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. टोक आत गेलं किंवा पापुद्रे सुटले तर तिथे खडूने खूण करा. मग दाराखालचे दोन्ही लांब पट्टे (गॅरेजमध्ये यांना रनिंग बोर्ड म्हणतात), मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटा बॉडीला जोडणाऱ्या कड्या) जिथे बॉडीला बसतात त्या जागा, पुढच्या सस्पेन्शनचा आडवा मेंबर (लोखंडी तुळई) जिथे बोल्टने आवळला आहे त्या जागा, डिकीत स्टेपनी बसते तो खळगा आणि बॅटरीखालची जागा तपासा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजतं. मडगार्डवर आणि चाकांच्या कमानींवर चुंबक फिरवा. जिथे ते पकड धरत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे.

एक चाचणी अजिबात चुकवू नका. गाडी जमिनीवर असताना चारी दारं उघडून-लावून पाहा. मग एका बाजूला, पट्ट्याच्या मजबूत जागेवर जॅक लावून दोन्ही चाकं उचला आणि तीच दारं पुन्हा लावा. दार घासलं, कुलपात बसेना, किंवा दाराची फट वर-खाली सारखी राहिली नाही, तर बॉडी वाकते आहे, म्हणजे कणा गेला आहे. दुसऱ्या बाजूलाही हेच करा. जॅकवरच्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय डोकं घालू नका.

फ्लोअरला तळहाताएवढी दोन-चार भोकं, डिकीचा खळगा गेलेला, दारांच्या कडा खाल्लेल्या, एवढंच निघालं तर घाबरायचं कारण नाही, हे सगळं दुरुस्त होतं. एकाच बाजूचा पट्टा आणि शॅकलची जागा दोन्ही गेली असतील, किंवा पुढच्या मेंबरची बसकण मऊ झाली असेल, तर मात्र तीन लाखांत ही गाडी रस्त्यावर सुरक्षित येणार नाही. तसं कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

काम देताना मिस्त्रीला तीन गोष्टी लिहून द्या. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, गंजावर नवा पत्रा डकवायचा नाही. वेल्डिंग झाल्यावर झिंक प्रायमर मारायचा आणि अंडरबॉडी कोटिंग त्यानंतरच. आणि प्रायमरच्या आधी तुम्हाला बोलवायचं, उघडा पत्रा डोळ्यांनी पाहून फोटो काढल्याशिवाय पुढचं काम नाही. गंजावर मारलेलं काळं रबरी कोटिंग सगळ्यात घातक. ते वरून छान दिसतं आणि आत पाणी धरून ठेवतं. जुनी गाडी घेणारे सर्वांत जास्त इथे फसतात.

पत्रा पास झाला की मग इंजिन. सहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, आणि जोराने फिरवलं तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडा जातो. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दहा-पंधरा मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हळू फिरवा. दोन पूर्ण फेरे सहज झाले की जुनं ऑइल काढून 20डब्ल्यू-50 मिनरल ऑइल भरा. मग प्लग काढलेल्या अवस्थेतच स्टार्टरने पाच-सात सेकंदांच्या झटक्यांत ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत फिरवा. त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. आकडा किती आला त्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत पंधरा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट.

टाकीतलं जुनं पेट्रोल इंजिनापर्यंत जाऊच देऊ नका. त्याचा चिकट डिंक झालेला असतो आणि तो कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल येण्याची बारीक भोकं) बंद करतो. टाकी उतरवून धुवा. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदला, आणि नवी घेताना इथेनॉल चालणारीच मागा. आज पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि आतून सुटून बारीक कणांनी फिल्टर भरतो. फ्यूल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचं किट याच कारणाने नवं टाका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून अॅव्हरेज सहा-सात टक्के घटणं साहजिक आहे. त्यासाठी मिस्त्रीला दोष देऊ नका. मिश्रण मात्र पातळ पडतं. प्लग काढून पाहा. टोक पांढुरकं दिसलं आणि चढावर गाडी झटके देऊ लागली, तर मेन जेट एक नंबर मोठा बसवून घ्या. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळ्यात गाडी दीड-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, एकतर काठोकाठ भरा नाहीतर रिकामी करा. हा नियम मारुतीलाही तितकाच लागू आहे. कार्ब्युरेटरच्या दोन्ही गाड्या या पेट्रोलपुढे सारख्याच.

पद्मिनीचं दुखणं म्हणून सगळे तापण्याकडे बोट दाखवतात. कारण साधं आहे. खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचं हेड. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. इंजिन एकदा जोरात तापलं की हेड वाकतं आणि गॅसकेट उडतं. नुसतं गॅसकेट बदललं तर ते पुन्हा उडणार. हेड सपाट आहे का, हे स्ट्रेट-एज लावून पाहायचं, गरज असेल तर फेसिंग करायचं (मशीनवर घासून सपाट करायचं) आणि नट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळायचे. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरू नका. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घाला, नाहीतर अॅल्युमिनियमचे पाण्याचे मार्ग खाल्ले जातात. बरेच मिस्त्री 'गाडी थंड राहते' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. ते करू देऊ नका. इंजिन कधीच योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. तापण्याचं खरं कारण बहुतेकदा गाळाने भरलेला रेडिएटर असतो, तो उघडून रॉडिंग करून घ्या (नळ्यांत सळी घालून गाळ काढणं). खंडाळ्याच्या घाटात काटा वर गेला तर बाजूला थांबा, बॉनेट उघडा, अर्धा तास वाट पाहा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापलेल्या हेडवर थंड पाणी तर मुळीच ओतू नका, हेडला तडा जातो.

ब्रेकवर काटकसर नको. सहा वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरची सगळी रबरं गेलीच असं समजा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडरला आतून गंज चढवतं. या गाडीत ब्रेकची एकच लाइन चारी चाकांना जाते. एका चाकाजवळ गळती झाली की पॅडल सरळ खाली जातं आणि चारी चाकं सुटतात. म्हणून रबरी होज, सिलिंडर, गंजलेल्या लोखंडी नळ्या एकदमच बदला, लायनिंग आणि ड्रम पाहा आणि हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने सुरुवात करा. ड्रम ब्रेकचा आणखी एक स्वभाव आहे. मिलन सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आलात की पहिले काही ब्रेक लागतच नाहीत. कमी वेगात पॅडल हलकं दाबून शंभर-दोनशे मीटर चालवा, म्हणजे लायनिंग कोरडं होतं.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर आधी व्हील बेअरिंग घट्ट करा. तरीही राहिली तर किंगपिन (ज्याभोवती पुढचं चाक वळतं ती खीळ) आणि त्याचे बुश गेले. नियमित ग्रीसिंग न केल्याने ते जातात आणि स्टिअरिंग सैल वाटायला लागतं. पद्मिनी घेणार असाल तर ग्रीसगन घरातच ठेवा. स्टिअरिंगवरचा गिअर सापडत नसेल तर गिअरबॉक्स उघडायला सांगण्याआधी लिंकेजचे बुश बदला, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. पहिल्या गिअरला सिंक्रो (दातांचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला तर दाते ओरडणारच, तो बिघाड नव्हे. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. सहा वर्षं एकाच जागी उभे राहिलेले टायर दिसायला कितीही चांगले असले तरी बदला.

मारुतीबद्दल थोडक्यात सांगता येतं, कारण तिचा आराखडा सोपा आहे आणि 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीपर्यंत चालल्यामुळे इंजिनाचे भाग अजूनही सहज मिळतात. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद मामांकडे नसेल तर किलोमीटर न पाहता तो बदला, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही. बेल्ट तुटला की गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडते. इंजिनाचे माउंटिंग पाहा. तीन सिलिंडरांची थरथर मुळातच जास्त, त्यात रबर गेलं की डॅशबोर्डपर्यंत पोहोचते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवा. टक-टक आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद पोहोचवणारा सांधा) गेला, आणि त्याचं कारण फाटलेलं रबरी बूट. पत्रा मात्र इथेही पाहायलाच हवा, आणि जास्त बारकाईने, कारण तो पातळ आहे. बॉनेटखाली स्ट्रटची टोकं जिथे बसतात त्या दोन्ही जागा, पुढच्या लोअर आर्मच्या बसकणी, कार्पेटखालचा फ्लोअर आणि मागच्या चाकांच्या कमानी. स्ट्रटची जागा कुजलेली मारुती फुकट मिळाली तरी महागच. जुन्या तोंडवळ्याचे दिवे, जाळी, बंपर हे शोधावं लागेल. त्यासाठी चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्हीकडे फेऱ्या मारायची तयारी ठेवा. पद्मिनीच्या क्रोम पट्ट्या आणि काचाही तिथेच सापडतील. नमुन्याचा जुना भाग हातात घेऊन जा, नुसत्या फोटोवर घेऊ नका.

कागदांत एक गोष्ट अशी आहे, जी तुमचा निर्णय फिरवू शकते. पद्मिनीला पन्नास वर्षं झाली. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या, खासगी आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. ऐकायला मानाचं वाटतं. पण ही नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रविवारी आईला शिवाजी पार्कला नेणं त्यात बसत नाही. म्हणून तुम्ही व्हिंटेज नोंदणी घेऊ नका. साधी खासगी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क आता 10,000 रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर. मुदत उलटून गेली असेल तर महिन्याला 500 रुपये विलंब शुल्क चढतं, त्यामुळे आरसी बुकवरची तारीख आजच पाहा. बाबांच्या नावावरून तुमच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 लागतो, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडा. आई आणि भावंडांच्या सह्या आधी घ्या, मग गाडीवर पैसा लावा. मारुतीचं गणित सोपं आहे. 1987 ची नोंदणी वेळेवर वाढवत आणली असेल तर पुढची तारीख 2027. ती मामांनी पाळली आहे का, ते विचारा. दोन्ही गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावावी लागेल. जुनी काळी पाटी मात्र टाकू नका, घरी जपून ठेवा. आणि कोणी पद्मिनीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायला सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. आरटीओच्या मंजुरीशिवाय ते बेकायदा आहे आणि गाडीचं मूळ रूप कायमचं जातं.

आमचा कौल असा. जॅकची चाचणी पास झाली तर पद्मिनी ठेवा. तीन लाखांतले निम्मे पत्र्याला, त्यानंतर ब्रेक आणि टायर, मग रेडिएटर आणि पेट्रोलची लाइन. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी, पैसे उरले तरच. मारुती चालवायला हलकी, दुरुस्तीला सोपी आणि पुण्याच्या प्रवासाला निर्धास्त आहे, हे सगळं खरं. तशी 800 तुम्हाला उद्याही मिळेल. बाबांच्या हातची पद्मिनी एकदा भंगारात गेली की पुन्हा मिळणार नाही, आणि आईला त्या पुढच्या सीटवर बसवणं ही गोष्ट कुठल्याही अॅव्हरेजपेक्षा मोठी आहे. पहिले तीन महिने मात्र पार्ल्याबाहेर फार जाऊ नका. पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदला, हेडचे नट मिस्त्रीकडून एकदा तपासून घ्या, ब्रेक ऑइलची पातळी पाहा आणि मगच घाट चढा.

चाचणीत दार अडकलं तर मामांना होकार द्या. पद्मिनीचे चांगले भाग, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, काचा, दिवे, सीट, हे सुटे करून दुसरी पद्मिनी उभी करणाऱ्याला द्या. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाकडे चौकशी केलीत तर असे लोक भेटतील. स्क्रॅप करायचीच झाली तर नोंदणीकृत केंद्रातच करा, ठेव-प्रमाणपत्र (गाडी तिथे जमा केल्याचा दाखला) घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा.

पत्र्याची तपासणी पावसाआधी उरका. कव्हर आजच काढून टाका, चारी काचा दोन बोटं खाली करा आणि उन्हात आठवडाभर गाडीला वारा लागू द्या. ओल्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरचा आवाज नीट कळत नाही.